पोट माजं, मलाच सांगा

यवतला हायवेलगत चांगुणाबाईंची खानावळ आहे. नवरा गेल्यावर भांडगावहून येऊन त्यांनी ती एकटीनं उभी केली. मटणाचा रस्सा, बाजरीची भाकरी आणि ट्रकवाल्यांना दमात घेणारा आवाज, एवढं त्यांचं भांडवल. पिऊन आलेल्याला त्या दारातूनच परत पाठवायच्या.

साठी जवळ आली तशी भाकरी थापताना त्यांना धाप लागू लागली. शौचाला रक्त पडायचं. मूळव्याधच असणार, असं धरून त्यांनी हिवाळाभर कसल्यातरी पुड्या खाल्ल्या. शेवटी सून दीक्षा त्यांना दौंडच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

"रक्त फार कमी झालंय. पोट साफ होतं का रोज?"

"कुठलं? कवा चार खेपा, कवा दोन दिस न्हाईच."

डॉक्टरीणबाईंनी तिथंच बोटानं तपासलं. मूळव्याध नव्हती. "दुर्बिणीनं आतडं बघायला हवं. पुण्याला जा, लांबवू नका."

पुण्यात दुर्बिणीतून मोठ्या आतड्यात गाठ दिसली. तिचा तुकडा तपासायला गेला, आणि स्कॅनमध्ये लिव्हरवरही तीन डाग निघाले. रिपोर्ट आले त्या दिवशी मुलगा रोहन डॉक्टरांना हळूच म्हणाला, "आईला नका सांगू." चांगुणाबाई दाराशीच होत्या. आत आल्या, खुर्ची ओढून बसल्या.

"पोट माजं हाय. मलाच सांगा."

"आतड्याचा कॅन्सर आहे, मावशी. लिव्हरपर्यंत गेलाय."

"म्हंजी दोन कॅन्सर?"

"नाही, एकच. आतड्यातल्याच पेशी रक्तातून तिकडं गेल्यात. म्हणून औषधही आतड्याच्याच कॅन्सरचं. केमोनं डाग आकसले, तर ऑपरेशन करता येईल."

"आन् न्हाई आकसले तर?"

"तर औषधावर जमेल तितकं रोखून धरू."

"मग करा चालू. जय भीम."

गाडीत मात्र लोणी गाव येईपर्यंत त्यांनी दीक्षाचा हात सोडला नाही.

केमो सुरू झाली. गार पाण्याला हात लावला की बोटांत झिणझिण्या यायच्या, म्हणून त्या खुर्चीत बसून कामाला लावलेल्या बाईवर ओरडायच्या. कुणी विचारलं तर आडपडदा न ठेवता सगळं सांगायच्या. एकदा ते ऐकून मारुतराव ड्रायव्हरचा घास हातातच राहिला.

"मावशी, माजंबी रक्त जातंय."

"आदी जेव. मग थेट दौंड गाठ."

मारुतरावांच्या आतड्यात मांसाचा साधा कोंब, म्हणजे पॉलिप, निघाला. दुर्बिणीतूनच काढून टाकला.

इकडे चांगुणाबाईंचे डाग आकसले. आतड्याची गाठ आणि लिव्हरचा तेवढा भाग, दोन्ही काढले. आता स्कॅन स्वच्छ येतात. तरी डॉक्टर 'बऱ्या झालात' असं अजून म्हणत नाहीत, पुढची तारीख देतात.

"येते की," त्या सांगतात, "पन बाजाराचा दिस सोडून. त्या दिशी गिऱ्हाइकाला बसायला जागा नसती."