मधलं लाकूड

चूक माझी होती, हे आधीच सांगतो. सक्करदऱ्यातल्या आमच्या घरावरचे मातीचे कवेलू काढून पत्रे टाकायचे होते. खर्चाचा अंदाज काढायला मी शेजारच्या गल्लीतल्या मिस्त्रींना तीनदा बोलावलं. दर वेळी ते शिडी चढायचे, छपराच्या एकेका लाकडावर बोटांनी ठोकायचे, डोळे मिटून आवाज ऐकायचे आणि खाली येऊन जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर यादी लिहायचे. मी घाई केली की म्हणायचे, "थांबा ना भाऊ, लाकूड बोलून राहिलं."

यादीत तीन लाकडं बदलायची होती. मला वाटलं, हे उगाच बिल फुगवताहेत. लाकडं खोडून तीच यादी मी दुसऱ्या कारागिराला दिली आणि मिस्त्रींना कळवलंही नाही.

पत्रे चढत असताना मिस्त्री फाटकापाशी सायकल धरून उभे राहिले. मी मान वळवली.

"पत्रे नवे अन् लाकूड तेच, काहून गा?" त्यांनी वरच्या कारागिराला विचारलं. मग मला म्हणाले, "काम त्यालेच करू द्या भाऊ. पण तुमच्या पोरीचा पलंग मधल्या लाकडाखालून सरकवून घ्या."

ते गेल्यावर मी शिडी चढलो आणि मधल्या लाकडात स्क्रूड्रायव्हर टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला.

काम थांबवून मी त्यांच्या घरी गेलो. ते ओट्यावर लसूण सोलत बसले होते.

"मिस्त्री," मी म्हणालो, "तुमची यादी मी दुसऱ्याला दिली. तुम्ही खोटं लिहिलं असं वाटलं मला. माझं चुकलं."