अण्णांनी जोडलेले मुलगे

१२ नोव्हेंबर १९९७, बुधवार. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातल्या आमच्या ऑफिसात मी चार महिन्यांचे फॉर्म पुन्हा तपासायला काढले होते. अमेरिकेतल्या एका कुटुंब-पाहणीचे कागद खोक्यांतून आमच्याकडे येत. अण्णा ते कॉम्प्युटरवर भरत, मी तपासत असे. सकाळीच तिकडून फॅक्स आला होता: तुमच्या खोक्यांत एकटी राहणारी म्हातारी माणसं इतकी कमी कशी?

कोणीही भेटलं की अण्णांचा पहिला प्रश्न, "घरी माणसं किती?" पठाण वॉचमनला, चहावाल्याला, एकदा तर लेबर कार्ड बघायला आलेल्या अरब इन्स्पेक्टरलाही. तो "अकरा" म्हणाला तेव्हा अण्णा असे खूश झाले की बढती मिळाली असती तरी इतके झाले नसते. गावी मास्तर असताना ते जनगणनेला दारोदार हिंडले होते. स्वतः बिनलग्नाचे, एकुलते एक.

फॉर्म भरताना त्यांना दर अर्ध्या तासाला धक्का बसे. "बाई, हे बघा! लग्न नाही, मुलं दोन, आणि नवऱ्याच्या जागी चक्क 'मित्र'!" शेजारचा थॉमस ओरडे, "अण्णा, यल्ला, जल्दी, पहले टाइप करो, रोना बाद में!" मला त्या कागदांचं काही वाटत नसे. कोण कुणाबरोबर राहतं, त्यांचं ते बघतील.

त्या बुधवारी मात्र मी एका फॉर्मवर अडकले. कागदावर एक विधवा, वय अठ्ठ्याहत्तर, घरातली माणसं एक. स्क्रीनवर दोन: आई आणि मुलगा. पुढच्या फॉर्मवर तेच. त्याच्या पुढच्याही.

"अण्णा, हा मुलगा कुठून आला?"

"कागदावरच आहे की. त्याच गावात राहतो म्हणून लिहिलंय तिनं."

"गावात राहतो. घरात नाही."

"पोटचा मुलगा गावात आणि म्हातारी एकटी? असं असतं का कुठं? लिहायची राहिली असेल. मी दुरुस्त केलं."

"किती जणींचं?"

"दिसली तिचं."

नोकरी जाणार, नोकरीबरोबर व्हिसा जाणार, आणि हा माणूस शांतपणे पेन्सिलीला टोक करत होता. मी चिडून विचारलं, "तुमच्या आई कुठं असतात?"

"कराडला."

"कुणाजवळ?"

"माझ्याजवळच. म्हणजे, माझ्या घरात."

"आणि घरात दुसरं कोण?"

पेन्सिल थांबली. ती खाली ठेवून ते म्हणाले, "साहेबांना तुम्ही सांगता की मी सांगू?"

पुढं दोन आठवड्यांत त्यांचा व्हिसा खलास झाला आणि ते कराडला गेले. मी साहेबांशी भांडले, पण उपयोग झाला नाही.

पण ते नंतर. त्या संध्याकाळी मी वेगळ्याच गोष्टीनं हादरले होते. कागद आणि स्क्रीन, दोन्ही चार महिने माझ्यासमोर होते. आई आणि मुलगा, एक घर. मला त्यात चूक दिसलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी तपासणीचे सगळे कागद साहेबांच्या टेबलावर ठेवले. प्रत्येकावर माझी सही होती. म्हटलं, "अण्णांना बोलवायच्या आधी मला विचारा."