वडाकडचं वळण

भाड्याची गाडी घेतली म्हणून बाबा रुसले होते. काळी नंबरप्लेट, पिवळी अक्षरं. "आपल्याच रस्त्यार पावणे झालंव," असं पुटपुटत ते दार चाचपून डाव्या सीटवर बसले. तीस वर्षं याच किनाऱ्यावर प्रवासी बस चालवलेला माणूस. आता काचबिंदूने नजर जवळजवळ गेली होती, आणि समोरचा चहाचा कपही पहिल्या खेपेला हाताला लागत नव्हता.

जामसंड्याहून आम्ही मिठबावला आत्याकडे निघालो होतो. आदल्या संध्याकाळी आमचं चांगलंच वाजलं होतं. मी म्हणत होते, पुण्याला चला, इथे एकटे राहू नका. शेवटी त्यांनीच पैज लावली. "मिठबावापर्यंत रस्तो मी सांगतंय. एकदा जरी चुकलंय तर तुझ्यावांगडा येतलंय. नायतर माका हयच रवांदे." मी हो म्हटलं. रागाच्या भरात, आणि आपणच जिंकणार म्हणूनही.

पौष महिना. काचा खाली, आंब्याच्या मोहराचा वास आत येत होता आणि कोवळं ऊन थेट बाबांच्या तोंडावर पडलं होतं. गाडी देणाऱ्याने मला एकच बजावलं होतं, माडाखाली उभी करू नका. बाकीचं बाबा सांगत होते, डोळे मिटून.

"दोनय बाजूंक चिऱ्याचे गडगे. आरसो दुमड." दुमडला. "उतारार गाय बसलेली आसतली. ती उठूची नाय, तूच थांब." गाय होती. तिने आमच्याकडे पाहिलं आणि रवंथ करत मान फिरवली. "हयसर राखणदार. दोनदा हॉर्न." वळणावरच्या त्या दगडातल्या देवाला इथला प्रत्येक ड्रायव्हर असाच नमस्कार करतो. मी हॉर्न दिला आणि पलीकडून मासळीचा टेम्पो येता येता थांबला.

मला राग यायला हवा होता. पण खरं सांगते, अर्धवट झोपेत असावं तसं छान वाटत होतं. रस्ता बाहेर नव्हताच. तो बाबांच्या आवाजातून येत होता आणि मी फक्त चाक धरून बसले होते. लहानपणी त्यांच्या मागच्या सीटवर बसायचे, तशी.

मग ते म्हणाले, "आता वडाची सावली येतली. मुळां रस्त्यात इली आसत, उजवीकडसून घे."

वड नव्हता. रस्ता रुंद करताना तोडला होता. दोन दिवसांपूर्वी ही गाडी घेऊन याच रस्त्याने येताना मी स्वतः पाहिलं होतं. समोर सपाट डांबर होतं. मी जिंकले होते. तरी मी वेग कमी केला आणि नसलेल्या मुळांना वळसा घालून गाडी उजवीकडून काढली.

"बरोबर," मी म्हटलं.

बाबांनी तोंडावरून हात फिरवला. मिठबावपर्यंतचा पुढचा रस्ता त्यांनी सांगितलाच नाही.

आत्याच्या घरापुढच्या खळ्यात उतरताना त्यांनी माझा हात धरला. "ऊन तोंडावरसून गेलाच नाय गो. वड तोडल्यानी?"

मी हो म्हटलं. रडू आलं ते दडवलं नाही.

"मगे मी हरलंय," ते म्हणाले. "पुण्याक थंडी किती आसता?"

परतताना मी त्यांच्यासाठी पुढचं दार उघडलं. ते मागे जाऊन बसले. राखणदाराचं वळण जवळ आलं तेव्हा मी वेग कमी करून जरा वाट पाहिली. मागून काहीच आलं नाही. मग मीच हॉर्न दिला, दोनदा.