यादीत पाणी नव्हतं

आमच्या कपाटाच्या दाराला आतून चार कागद चिकटवलेले आहेत. एकावर नळाला पाणी यायच्या तारखा, दुसऱ्यावर सिलिंडर कधी लावला ते, तिसऱ्यावर औषधांच्या वेळा आणि चौथ्यावर रविवारची पाळी. घरी कुणी नवीन आलं की बायको ते दार उघडून दाखवते, वर म्हणते, "ह्यांचं मंत्रालय." म्हणू दे. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मी सव्वीस वर्षं येणारा माल तपासला. जे कागदावर नाही ते तपासलं जात नाही, एवढं त्या नोकरीनं पक्कं शिकवलं.

चौथ्या कागदाबद्दल सांगतो. दर दुसऱ्या रविवारी दुपारी चारला आम्ही चौघं जमतो. ज्याची पाळी त्याच्या घरी. व्हिस्की आणि खायचं त्याचं. दोन पेग, तिसरा नाही, साडेसहाला उठायचं. अकरा वर्षं हे असंच चाललंय. माझ्याकडे पिण्याचा कायमचा परवानाही आहे. मित्र हसतात, पण कागद तो कागद.

चौघांतला पहिला मी. दुसरा माझ्याच खात्यात होता. नोकरी सोडून त्यानं जालना रोडला प्लॉट विकायला घेतले आणि त्याचं भलं झालं. तिसऱ्याचं शहागंजाकडे कापडाचं दुकान आहे, मूळचा खुलताबादचा. तो पीत नाही. लिंबू-सोडा घेतो, आणि त्याच्या पाळीला कबाब त्याचे, बाटली माझी, अशी वाटणी आहे. चौथा आमच्या कारखान्याचा बॉयलर चालवायचा. कंपनीनं बॉयलर बंद केला तेव्हा तोही घरी बसला. आता एका अपार्टमेंटचे पंप बघतो.

घोळ झाला तो प्लॉटवाल्यामुळं, आणि माझ्यामुळंही. एका रविवारी त्यानं पुठ्ठ्याच्या नळकांड्यातली बाटली आणली. सिंगल माल्ट. नळकांडं टेबलावर उभं केलं आणि म्हणाला, "आता पन्नाशी झाली राव. पोटात जाईल ते चांगलं तरी जाऊ दे." पुढची पाळी माझी. मी गप माझी नेहमीची आणायची, तर मीही एक पायरी वरची आणली. कमी दिसायला नको म्हणून, दुसरं काही नाही. त्यात मध्यंतरी सरकारनं कर वाढवला आणि नेहमीचीसुद्धा महाग झाली. त्यानंतरची पाळी बॉयलरवाल्याची होती. शनिवारी त्याचा फोन आला. "बीपी वाढलंय. डॉक्टरनं बंद सांगितलीय. माझं नाव काढून टाक यादीतून."

मी नाव काढलं नाही. पेन्सिलीनं कंस केला.

महिन्याभरानं मी सिडकोतल्या वाईन शॉपसमोर गाडी लावत होतो, तर तो दुकानातून बाहेर आला. शर्टाच्या आत क्वार्टर, वरून हात दाबलेला. मला काय सुचलं कोण जाणे, मी उभ्या टेम्पोमागं सरकलो. तो सायकलवर टांग मारून गेला. म्हणजे बीपी वगैरे काही नव्हतं. आमच्या बाटल्या त्याला परवडत नव्हत्या आणि स्वस्तातली आमच्यापुढं ठेवायची त्याला लाज वाटत होती. अकरा वर्षांची चौकडी एका पुठ्ठ्याच्या नळकांड्यापायी तिघांची झाली होती.

घरी आल्यावर मी वही काढली. वर लिहिलं: चौथा परत आला पाहिजे. खाली लिहिलं: हजाराच्या आतली, तिघा पिणाऱ्यांना पटेल अशी एक व्हिस्की ठरवणे.

सुरुवात लेबलापासून केली. बाटलीच्या पुढं घोडे, किल्ले, सरदार काय वाटेल ते असतं. कामाचं सगळं मागं, बारीक अक्षरात. कशापासून केली, माल्ट आहे का, रंग घातलाय का. चष्मा लावून मी दुकानात अर्धा अर्धा तास बाटल्या उलट्या करून वाचत होतो. दुकानदार शेवटी म्हणाला, "काका, घ्यायची आहे का परीक्षेला बसायचंय?"

"घ्यायची आहे. पाच क्वार्टर दे, पाच वेगवेगळ्या."

"पार्टी लहान दिसतीय."

"तपासणी आहे."

पाचांत चार परवडणाऱ्या होत्या. त्यांतली एक माझी नेहमीची, पंधरा वर्षं घेतोय ती. पाचवी महागातली, प्लॉटवाल्याची माल्टवाली, तुलनेसाठी. पेले मात्र सहा घेतले, कारण एक व्हिस्की दोन पेल्यांत ओतायची होती. तपासणीत असा एक जुळा नमुना घालतातच. तपासणारा एकाच मालाला दोन निकाल देतो का, हे त्यानं कळतं. पेले स्टीलचे, म्हणजे रंग दिसायला नको. बुडाला चिकटपट्टीवर आकडे. मी स्वयंपाकघरात ओतायचं, कापडवाल्यानं ते बाहेर नेऊन मागं-पुढं करायचे आणि कुठला कुठं ठेवला ते लिहून ठेवायचं.

"मियाँ, मैं गिलास हिलाता," तो म्हणाला, "बोतल को हात नहीं लगाता. पहले बोल देता."

"तेच काम आहे तुझं. तू पीत नाहीस म्हणून तर तुझ्यावर भरवसा."

"म्हणजे ग्यारा साल में पहली बार मेरी कदर हुई."

ठेचा आणि खारे दाणे बायकोला आत ठेवायला सांगितले. प्लॉटवाला वैतागला. "बिना चखण्याची व्हिस्की? ही काय पोलिओची लस आहे का?" पण बसला. आधी वास, मग थोडं पाणी, पुन्हा वास, मग घोट. दहापैकी गुण कागदावर. बोलायचं नाही.

तो बोललाच. तिसऱ्या पेल्याला टेबलावर थाप मारून म्हणाला, "ही! ही माझी माल्टवाली. लपवून लपत नसते चांगली वस्तू."

सगळे पेले झाल्यावर कापडवाल्यानं तो पेला उलटा करून आकडा दाखवला. पाचांतली स्वस्ताकडून दुसरी. माझ्या यादीत तिचा नंबर चार. जुळा नमुना तिचाच होता. एकदा तिला त्यानं आठ दिले होते आणि दुसऱ्या पेल्यात तीन.

"लई हसू नको," तो मला म्हणाला. "तुझं बघ की."

माझं बघितलं. माझ्या नेहमीच्या व्हिस्कीला मी सगळ्यांत कमी गुण दिले होते आणि शेजारी माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: कफ सिरपचा वास. पंधरा वर्षं मी ती पाहुण्यांना आग्रहानं पाजली. बायको दारात उभी होती. तिनं पुढं होऊन ते दोनदा वाचलं.

तीनचा धक्का धरूनही बेरजेत नंबर चारच वर आली. मी वहीत लाल पेननं गोल केला, तिची एक नवी क्वार्टर पिशवीत टाकली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुकुंदवाडीला बॉयलरवाल्याच्या घरी गेलो. आता नाही म्हणायला त्याच्याकडे कारण उरलं नव्हतं, असा माझा समज.

त्यानं दार उघडलं, पिशवीकडे बघितलं आणि म्हणाला, "ये."

मी वही उघडून सगळं सांगितलं. पेले, आकडे, प्लॉटवाल्याची फजिती. तो हसेल म्हणून थांबलो. तो हसला नाही. शेवटी म्हणालो, "डोळे झाकून घेतली तर महागातलीपेक्षा सरस आहे. घेऊन तर बघ."

वहिनींनी दोन पेले आणि तांब्याभर पाणी आणून ठेवलं. मी ओतली, पाणी घातलं, दोघांनी घोट घेतला. माझं तोंड वाकडं झालं. खारट, तुरट, वर एक गंजासारखी चव. त्यानं पेला खाली ठेवला.

"ही सरस व्हय?"

"काल वेगळी लागली होती. शप्पथ."

"काल तू खूश होतास. मला यादीत बसवायला निघाला होतास ना." आवाज चढला नव्हता, पण शब्द टोचत होते. "माझ्यासाठी खास हलकी शोधली. सगळ्यांनी माझ्यापायी हलकी प्यायची. आणि मी म्हणायचं, वा."

मी सांगायला लागलो, तसं नाही म्हणून. त्यानं हातानं थांबवलं.

"टेम्पोमागं लपलास त्या दिवशी. बघितलं मी. सायकलच्या आरशात दिसलास." मी वही मिटली. "हाक मारली असतीस, शिवी दिली असतीस, डॉक्टरचा पत्ता विचारला असतास, तर त्याच रविवारी आलो असतो मी. तू लपलास. म्हणजे माझी लाज तुलाबी दिसली."

हे माझ्या वहीत कुठंच नव्हतं. पाच व्हिस्क्या, सहा पेले, गुणांचे रकाने, आणि जे एका हाकेचं काम होतं ते मी केलं नव्हतं. मी म्हणालो, "चुकलो."

मग त्यानं पेला पुन्हा उचलला, हुंगला, आणि त्याचा चेहरा बदलला. हा चेहरा मला बॉयलर हाऊसमधून ओळखीचा. तिथं तो दर पाळीला पाण्याचा नमुना काढायचा, काचेच्या नळीत थेंब थेंब औषध सोडून रंग बदलतो का बघायचा. पाणी जड असलं की बॉयलरच्या नळ्यांत खपली धरते. त्यामुळं पाणी हा त्याचा प्रांत, माल हा माझा.

"पाणी कोणतं घातलं होतं काल?"

"कुठलं म्हणजे? आपलं पाणी. जारचं."

त्यानं तांब्या उचलून एक घोट घेतला आणि आत वळून ओरडला, "अगं, हे बोअरचं दिलंस व्हय?"

वहिनी आतून म्हणाल्या, "नळ नऊ दिवस झाले आला नाही! माठात दोन गडवे उरलेत. ते काय दारूत घालू?"

"एक गडवा दे. तपासायचंय."

त्या कुरकुरत घेऊन आल्या. नवे दोन पेले, तीच क्वार्टर, माठातलं नळाचं पाणी. घोट घेतला. कालची व्हिस्की परत आली होती. कालच्याहूनही गोडसर, शेवटी भाजलेल्या धान्यासारखी चव. मी त्याच्याकडे बघितलं. तो आता हसत होता, कितीतरी दिवसांनी.

"शाब्बास रे इन्स्पेक्टर. पेल्यात अर्ध्याच्या वर पाणी असतं. तू दारू पाच तपासल्या, पाणी एकबी नाय."

खरं होतं. ज्या कपाटाच्या दारावर पहिला कागद पाण्याचा आहे, त्या घरात बसून मी पाणी यादीतून विसरलो होतो.

"तपासणी रद्द," मी म्हणालो. "पुन्हा करायची. पण मला पाण्यातलं कळत नाही. रविवारी तू पाहिजेस."

"बोलावतोयस का विनवतोयस?"

"हाक मारतोय."

तो उठला, क्वार्टरचं झाकण घट्ट लावलं आणि माझ्या पिशवीत परत ठेवली. "चारला ना?"

रविवारी तो चार बाटल्या घेऊन आला. चारही पाण्याच्या. बोअर, जार, नळ आणि नळाचं उकळून गार केलेलं. प्रत्येकीवर चिठ्ठी. प्लॉटवाल्यानं ते बघून कपाळाला हात लावला. "आधी एक येडा होता, आता दोन झाले." पण बोअरचं पाणी घातल्यावर त्याच्या माल्टचीही कफ सिरपसारखी गत झाली, आणि तेव्हापासून तो पाण्याविषयी आदरानं बोलतो. गुणांत नंबर चार पुन्हा वर आली, उकळलेल्या नळाच्या पाण्यासोबत.

त्या दिवशी दोन नियम वाढवले. नळ येईल त्या दिवशी प्रत्येकानं एक बाटली पाणी रविवारसाठी बाजूला काढायची. आणि यजमानानं व्हिस्की आतच स्टीलच्या जगात ओतून आणायची. लेबल स्वयंपाकघरातच राहील, बाहेर येणार नाही. दुसऱ्या नियमाला प्लॉटवाल्यानं हरकत घेतली. "मग मी पैसे कशाचे देतो? नळकांडं कोण बघणार?" कापडवाला म्हणाला, "भाभी देखेंगी ना किचन में," आणि विषय संपला.

मी खोडरबर आणून चौथ्या कागदावरचा कंस पुसला.

पुढची पाळी बॉयलरवाल्याची. मुकुंदवाडीच्या दोन खोल्यांत आम्ही सतरंजीवर बसलो. वहिनींनी भज्यांचा घाणा चढवला होता. तो आतून स्टीलचा जग घेऊन आला, दुसऱ्या हातात माठातल्या पाण्याचा गडवा. सगळ्यांचे पेले भरले, कापडवाल्याला लिंबू-सोडा दिला. प्लॉटवाल्यानं घोट घेतला, जिभेवर फिरवला, डोळे मिटले.

"लई भारी. कोणती आहे रे?"

बॉयलरवाला मांडी घालून बसला, स्वतःचा पेला उचलला आणि म्हणाला, "ते राहू दे. पाणी कसंय ते सांग."