दिनूची समुद्रवाट

माझ्या बायकोलाही हे ठाऊक नाही. तुम्हाला का सांगतोय? कदाचित तुम्ही दिनूला ओळखत नाही म्हणून. निपाणीत त्याची तंबाखूची वखार आहे. शाळेपासूनचा माझा दोस्त, आणि माझ्याइतका जवळचा त्याला दुसरा कुणी नाही — असं तो अजून समजतो.

आम्ही घाटावरची माणसं. मी बेळगावात कॉलेजवर भूगोल शिकवतो. मतलई वारे, खारे वारे फळ्यावर बाण काढून दाखवायचे, एवढाच माझा समुद्राशी संबंध. दिनूनं मात्र वेंगुर्ल्यात एक जुनी शिडाची होडी घेतली आणि मलाही तिच्यात ओढलं. गणपतीत तो माझ्याकडं यायचा. आरती आटोपली की टेबलावर नकाशा पसरायचा, आणि पाऊस सरल्यावर कुठून कुठं जायचं ते ठरायचं. पहिल्या वर्षी आम्ही एसटीचं वेळापत्रक करावं तशी वाट आखली — निवतीला चहा, मालवणात जेवण, देवगडला मुक्काम. दुपारचा वारा समोरून येणार, हे भूगोलाच्या मास्तराला सुचू नये? दिवसभर तिरके तिरके जात राहिलो आणि दिवेलागणीला निवतीच्याही अलीकडंच होतो. पोट धरून हसलो तेव्हा.

नंतरच्या एका हंगामात होडी एका अंगाला कलली आणि मला भोवळ आली. मी पाण्यातच गेलो असतो. दिनूनं एका हातानं सुकाणू सांभाळलं, दुसऱ्या हातानं माझी कॉलर धरली. परत आल्यावर त्यानं ही गोष्ट कुणाला सांगितली नाही, चेष्टेतसुद्धा नाही.

पुढच्या गणपतीत त्यानं नकाशा उघडला तर त्यावर आधीच पेन्सिलीची रेघ होती. पार विजयदुर्गापर्यंत. कुणाबरोबर आखली? बेळगावच्या कॅम्पात राहणारे एक निवृत्त सुभेदार होते, त्यांच्याबरोबर. दिनू सहज म्हणाला, "ह्या बारीला सुभेदारास्नी घेतो. तुझ्या जिवाचं भ्या वाटतंया रं मला. तू तेवढी वाट तपासून दे."

त्याचं काय चुकलं? आज काहीच दिसत नाही. पण त्या दिवशी — माझ्याच टेबलाशी बसून, माझ्याच घरचे मोदक खाऊन यानं मला बाजूला काढलं, एवढंच मला दिसत होतं. दगा दिला, असंच वाटलं. वाट तपासली, सकाळच्या वाऱ्यावर किती जायचं आणि दुपारी कुठल्या खाडीत शिरायचं ते नीट लिहून दिलं. आणि दुसऱ्या दिवशी सदलग्याची बस धरली.

सदलग्यात त्याची आक्का दिलेली आहे. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवला. तिला मी काय सांगितलं? सांगितलं, की दिनूला भोवळ येते. मागल्या खेपेला होडीतून पडतच होता, मी कॉलर धरली म्हणून वाचला.

हो. तेच. फक्त माणसं बदलली.

वर हेही बजावलं, की त्याला कारण कळू द्यायचं नाही आणि माझं नाव घ्यायचं नाही. मनानं खचेल तो. आक्कानं पदरानं डोळे पुसले आणि माझ्या हातावर साखर ठेवली. भावाचा जीव वाचवला ना मी!

दिनूला तिनं बोलावून घेतलं, देव्हाऱ्यापुढं उभं केलं आणि भंडारा उचलायला लावला — पुन्हा शिडाच्या होडीत पाय ठेवणार नाही म्हणून. आमच्याकडं भंडारा उचलून दिलेला शब्द कुणी मोडत नाही, हे मला माहीत होतं. त्याच हिशेबानं तर गेलो होतो. तो कारण विचारत राहिला. ती एवढंच म्हणत राहिली, माझ्यासाठी कर.

त्यानं केलं. होडी सुभेदारांना दिली. आणि आक्काचं तोंड बघायचं सोडलं. सगळ्या जगानं होडीवरून हसावं आणि आपल्या आक्कानंही आपला पाय ओढावा, याची सल त्यानं माझ्यापाशीच बोलून दाखवली. मी काय केलं? मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

दर गणपतीत तो अजून येतो. यंदाही आला. नकाशा पसरला, हंगामाची वाट आखली, माझ्याकडून वारे तपासून घेतले. त्या वाटेनं जाणार कुणीच नाही. कागदावरच्या समुद्राला भंडाऱ्याची आडकाठी नाही, असं म्हणून हसला.

गेल्या महिन्यात कामानिमित्त सदलग्याला जाणं झालं. आक्का थकली आहे. भाऊबिजेचं ताट दर वर्षी करते, तो येत नाही. तिनं मला आधी त्याच्या भोवळीचंच विचारलं. मी म्हणालो, आता येत नाही. मग — सांगावं असं ओठापर्यंत आलं होतं का? आलं असं म्हणायला मला आवडेल. खरं म्हणजे नव्हतं आलं. मी म्हणालो, आक्का, तो तुझ्याशी बोलत नाही याचं वाईट वाटतं.

तिनं चहाची कपबशी माझ्यापुढं सरकवली. "न्हाय बोलत तर न्हाय बोलू दे. जित्ता हाय न्हवं? तुझ्यामुळं हाय, बाबा."

मी चहा प्यालो.