कारण माहीत नाही, असं माझ्या फाइलीत लिहिलंय

"पल्मनरी फायब्रोसिस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि माझ्या छातीचा फोटो त्यांनी उजेडाच्या काचेवर लावला.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. म्हटलं, बाई, मराठीत सांगा. त्या उल्हासनगरच्या सिंधी, पण मराठी बरं बोलतात. "काका, फुप्फुस नरम असतं, स्पंजसारखं. तुमचं खालून सुकत चाललंय, कडक होतंय. जे सुकलं ते परत नरम होणार नाही. औषधाने पुढचं सुकणं हळू होईल. बस."

सोबत सून होती. ती मान खाली घालून फाइलीची नाडी सोडत-बांधत राहिली.

हे मी माझ्यासारख्या अडेल म्हाताऱ्यांसाठी लिहितोय. खोकला लागल्यावर मी जे केलं ते करू नका.

पहिल्यांदा कोरडा खोकला आला. बायकोने अडुळशाचा काढा दिला, मी प्यायलो, खोकला तसाच राहिला. मग शेताच्या बांधावरून घरापर्यंत येताना मधे थांबावं लागायला लागलं. कुणी बघितलं तर मी आंब्याकडे बघत उभा राहायचो, जणू मोहोर मोजतोय. असं वर्षभर चाललं. एक दिवस बायकोने माझा हात धरला नि म्हणाली, "तुमची बोटं बघा, टोकं फुगलीत. नखं पालथ्या चमच्यावाणी गोल झालीत." मी हात सोडवून घेतला. डॉक्टरीणबाईंनी नंतर पहिलं तेच बघितलं. छातीच्या जुन्या आजारात बोटं अशी होतात म्हणे.

टेस्टा पुष्कळ झाल्या. स्पायरोमेट्री म्हणजे नळीत फुंकायचं. तरुणपणी गावच्या विहिरीत कळशी पडली की मलाच हाक यायची. एका दमात तळ गाठून वर यायचो, काठावर बायका मोठ्याने आकडे म्हणायच्या. म्हणून मी ऐटीत नळी तोंडात धरली. मशीनवरची पोरगी ओरडत होती, "फुंका बाबा, और, और, सोडू नका!" तीनदा फुंकलं. मग ती हळूच म्हणाली, "रहने दो बाबा, झालं." तिने आवाज खाली आणला तेव्हा मला समजलं.

दुसऱ्या दिवशी सीटी स्कॅन झाला. त्या नळकांड्यात झोपवतात, श्वास धरा म्हणतात. मला तेवढासुद्धा धरवेना.

बाहेर बाकावर तीन तास बसलो, मग आत बोलावलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, सच बताओ, बिडी किती?"

मी उठून उभा राहिलो. आयुष्यात ओठाला लावली नाही.

"बसा, बसा. गुस्सा नको. घरात कबुतरं? दगडखाणीत काम? भुशाची गिरणी?" सगळ्याला नाही म्हटलं. मग म्हणाल्या, "घराजवळ कंपनी आहे?"

इथे मला खरं सांगायचं आहे.

आमचं गाव अंबरनाथच्या पूर्वेला. गावाच्या मागे मोठी कंपनी. तिला नवा बॉयलर बसवायचा होता. साहेब माझ्या ओटीवर आले. म्हणाले, "मोठ्या कारखान्यांना हवेच्या परवान्यातून दोन वर्षं सूट मिळाली आहे. फक्त गावाची हरकत नाही असं पत्र पाहिजे." आमच्या शाळेत गुरुजी एखाद्या हुशार पोराला परीक्षा माफ करायचे. मला वाटलं हे तसंच असणार. यांचं काम चोख, म्हणून सरकार तपासत नाही.

आमच्यात वडीलधाऱ्याची सही वर पडल्याशिवाय कागद फिरत नाही. देवळासमोर सगळे जमले. माझा चुलतभाऊ काशिनाथ उठला. "परवाना नाय, तं धूर मोजनार कोन?"

मी म्हटलं, "तुझी म्हैस किती दूध देते ते तरी तुला मोजता येतं का? बस खाली."

लोक हसले. मी सही केली. माझ्या सहीखाली गावाने सह्या केल्या, काशिनाथ सोडून. चिमणीच्या पूजेला नारळ मीच फोडला. त्या दिवसापासून काशिनाथ माझ्याशी बोलला नाही, आणि मी तर बोलणारच नव्हतो.

नंतर धूर खाली उतरायला लागला. पहाटे गळ्याला मिरची लागल्यासारखं व्हायचं. वाळत घातलेल्या सुकटीवर काळी भुकटी बसायची. बायकोने दाखवली तर मी तिलाच म्हटलं, झाकून ठेवायला काय होतं?

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं. म्हणाल्या, "धूर असू शकतो. निदान आजार वाढवला तरी असेलच. पण माझ्या हातात पुरावा पाहिजे. हवा मोजल्याचा कागद आणा." माझा मुलगा दोन सरकारी कचेऱ्यांत फिरला. उत्तर एकच मिळालं. कारखान्याला सूट आहे, त्यामुळे तपासणी नाही, त्यामुळे कागद नाही.

मग माझ्या फाइलीत लिहिलं गेलं, इडिओपॅथिक. म्हणजे कारण माहीत नाही. मी भांडलो. त्या म्हणाल्या, "काका, मला ठाऊक नाही ते मी लिहू शकत नाही." बाई खोटं बोलणारी नाही, हे तेव्हाच ओळखलं.

थंडीत आठ दिवस भरती होतो. नाकात ऑक्सिजनची नळी. बोटाला चिमटा लावून ऑक्सिजनचा आकडा बघतात. चांगल्या माणसाचा पंच्याण्णवच्या वर असतो, माझा पंच्याऐंशीवर यायचा. शेजारच्या खाटेवरचा माणूस बदलापूरचा, खोकता खोकता जोक सांगायचा. पाचव्या दिवशी त्याची खाट रिकामी झाली.

घरी आलो तर दारात सरपंचबाई. सूट वाढवून मिळणार होती, गावाचं पत्र पुन्हा एकदा हवं होतं. "आबा, पहिली सही तुमची."

म्हटलं, येतो देवळाजवळ.

ऑक्सिजनचा सिलिंडर सुनेने धरला. चार पायऱ्या चढायला दहा मिनिटं लागली. सगळे बघत होते. मी म्हटलं, "मागच्या वेळी माझी सही चुकली. मला काही कळलं नव्हतं, पण कळतंय असं दाखवलं. काशिनाथने बरोबर विचारलं होतं नि मी त्याचा अपमान केला. मी आता सही करत नाही." एवढं बोलायला मला तीनदा थांबावं लागलं.

कुणीतरी मागून म्हणालं, "आबा, तुमच्या दम्यासाठी पोरांच्या नोकऱ्या घालवायच्या का?" मी सुनेचा हात धरून पायऱ्या उतरलो. माझ्यानंतर सातजण सही न करता उठून गेले, बाकीच्यांनी सह्या केल्या. सूट वाढली. चिमणी चालू आहे.

घरी बायको म्हणाली, "चुकलो म्हनाले! जल्लां, चाळीस वर्सांत मना कदी नाय म्हनाले, गावाला म्हनाले." मग रडली.

डॉक्टरीणबाईंचे, त्या नळीवाल्या पोरीचे, सुनेचे उपकार माझ्यावर आहेत. खोकला तीन आठवडे राहिला तर मोठ्या दवाखान्यात जा. आणि कागदावर सही करण्याआधी विचारा, मोजणार कोण.

काशिनाथ आता रोज सकाळी येतो. पहिल्या दिवशी आला तो एवढंच म्हणाला, "काय रं, अजून हाईस?" ओटीवर बसतो, चहा पितो, चिमणीकडे पाठ करून. त्याने सही केली नव्हती. पण गेला महिनाभर त्यालाही कोरडा खोकला आहे. काल मी त्याचा हात ओढून बोटं बघितली. सोमवारी त्याला घेऊन उल्हासनगरला जायचंय.