सायकलींच्या शेडमधला काचेचा पाइप

ते प्रकरण मी अजून विसरलेलो नाही. त्याची कुठल्याही ठाण्यात नोंद नाही, गुन्हा क्रमांक नाही, आणि ते घडलं तेव्हा माझ्या अंगावर वर्दीही नव्हती. निवृत्त झाल्यावर मी आणि माझी पत्नी लेकीकडे हूफडॉर्प या डच गावात राहायला आलो, त्यानंतरची ही गोष्ट. नावं मी कोणाचीच देणार नाही. नोकरीत लागलेली ती सवय आहे, शिवाय ही माणसं मला अजून रस्त्यात भेटतात.

माझी बरीचशी नोकरी गुन्हे शाखेत गेली, त्यातली काही वर्षं अमली पदार्थ विरोधी पथकात. इथल्या मराठी मंडळींना ही माहिती पुरवण्याचं काम माझ्या पत्नीने न सांगता पार पाडलं. त्यामुळे कोणाची सायकल चोरीला गेली, शेजाऱ्याने पार्सल घेऊन परत दिलं नाही, की ते लोक आधी माझ्याकडे येतात. मी चहा पाजतो आणि इथल्या पोलिसांकडे पाठवतो. एवढाच माझा अधिकार.

आमच्या मागच्या गल्लीत राहणारा एक गृहस्थ मात्र अशा किरकोळ कामासाठी आला नव्हता. हा पुण्याचा, आयटीत मोठ्या हुद्द्यावर. घरात तो, त्याची बायको आणि बायकोचा धाकटा भाऊ. भावाने मास्ट्रिख्टला मॅनेजमेंटची पदवी घेतली होती आणि आता नोकरी शोधायला सरकार जी मुदत देतं, ती बहिणीकडे राहून काढत होता. गृहस्थाच्या हातात सुपरमार्केटची जाड पिशवी होती. ती त्याने माझ्या जेवणाच्या टेबलावर अशी ठेवली, जणू आत साप असावा.

"काका, सायकलचा पंप शोधत होतो. मागच्या शेडमध्ये, रंगाच्या डब्यांमागे हे सापडलं. जेवताना विचारलं, तर मेहुणा म्हणाला, माझं आहे. सरळ तोंडावर."

"मग? त्याने कबूल केलंय. माझं काय काम?"

"तो कोणाकडून आणतो, अजून कोण कोण आहे त्यात, ते काढा. आपल्या मंडळातली मुलं मोठी होतायत. आणि माझं इथे राहायचं, काम करायचं परमिट आहे काका, सगळं घर त्या परमिटवर उभं आहे. मी त्याला सांगितलंय, रविवारी सामान घेऊन निघ. त्याच्या आईवडिलांना काय सांगायचं तेवढं मला नीट कळलं पाहिजे."

इथे ज्याला घर नाही त्याला पत्ता नाही, आणि पत्ता नाही तर नगरपालिकेत नोंद नाही, हे एव्हाना मलाही समजलं होतं. घरं मिळत नाहीत म्हणून चांगली कमावती माणसं मित्रांच्या सोफ्यावर झोपतात. नोकरी शोधणाऱ्याचा पत्ताच गेला, तर तो पुढच्या विमानाने घरी. गृहस्थाला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, आणि तरी त्याने रविवार सांगितला होता.

मुद्देमाल आधी बघायचा, माणूस नंतर, ही माझी पद्धत. टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी एकेक वस्तू बाहेर काढली. हाताच्या मुठीत मावेल असं एक काळं यंत्र. फुटभर उंचीचा काचेचा पाण्याचा पाइप, तळाशी फुगीर. काचेची एक छोटी जोडनळी. एक निळी प्लॅस्टिकची क्लिप, बारीक ब्रश आणि मऊ फडका. पत्नी दारातून म्हणाली, "चहा ठेवते, पण ते आधी माझ्या टेबलावरून उचला."

ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या यंत्राला व्हेपोरायझर म्हणतात. त्यात वाळलेला गांजा जळत नाही, नुसता तापतो आणि त्याची वाफ निघते. धूर नाही, पण वाफ गरम आणि कोरडी, घसा ओरबाडून काढते. म्हणून काही लोक यंत्राचं तोंड पाण्याच्या पाइपला जोडतात. वाफ पाण्यातून बुडबुडत वर येते, निवते, ओलसर होते. जोडायला मधे ती छोटी नळी लागते. एक टोक यंत्रात, दुसरं पाइपच्या तोंडात. तिथली काच घासून खरखरीत केलेली असते, त्यामुळे सांधा घट्ट बसतो आणि वाफ बाहेर निसटत नाही.

मी पाइप खिडकीच्या उजेडात धरला. काचेवर डाग नव्हता, वास जवळपास नव्हता. नोकरीत मी नशेबाजांच्या खोल्यांमधून पुष्कळ सामान जप्त केलं आहे. त्यात एकही वस्तू इतकी धुतलेली, पुसलेली, फडक्यात गुंडाळलेली पाहिली नाही. आणि ती निळी क्लिप. ती मी ओळखली. एकदा औद्योगिक वसाहतीत बेकायदा रसायनं बनवणाऱ्या एका शेडवर छापा घातला होता. तिथली काचेची भांडी हलवायची होती आणि आमचे शिपाई ती भाजीच्या टोपलीसारखी उचलायला निघाले. न्यायवैद्यक प्रयोगशाळेतल्या बाई आमच्यावर ओरडल्या आणि त्यांनी सांध्यांवरच्या अशाच क्लिपा दाखवल्या होत्या. दोन काचा निसटू नयेत म्हणून लावतात. पण लावतो कोण, तर ज्याच्या हाताला प्रयोगशाळेची सवय आहे तो.

गृहस्थाला मी यातलं काही बोललो नाही. "पिशवी इथेच राहू दे," एवढंच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोलावलं म्हणून मेहुणा आला. लेक आणि जावई ऑफिसला, नात शाळेत. मी त्याला स्वयंपाकघरात उजेडाकडे तोंड करून बसवलं आणि माझा चहा संपेपर्यंत काही विचारलं नाही. चौकशीत चहा फार कामाचा. गुन्हेगार घाईने पितो, निरपराध माणूस विसरतो. हा विसरला.

"कधीपासून घेतोस?"

"मास्ट्रिख्टला होतो तेव्हापासून."

"कोणाकडून?"

"कॉफीशॉपमधून, काका. तिथे गांजा उघड विकतात, कोणी पकडत नाही."

"सोबत कोण असतं?"

"कोणी नाही. मी एकटाच."

उत्तरं पाठ केल्यासारखी, एकामागून एक. विचारण्याआधी तयार असलेली कबुली मला कधीच आवडली नाही. खरं सांगणारा माणूस मधे अडखळतो, एखादी गोष्ट मागे जाऊन दुरुस्त करतो, स्वतःची थोडी वकिली करतो. हा स्वतःच्या बाजूने एक शब्द बोलत नव्हता.

मी पिशवी त्याच्यापुढे सरकवली. "जोडून दाखव."

"काय?"

"हे रोज जोडतोस ना? दाखव म्हाताऱ्याला."

त्याने यंत्र उचललं आणि त्याचं तोंड थेट पाइपच्या तोंडावर टेकवलं. ते बसेना. मग जोडनळी घेतली, ती उलटी. सरळ केली तेव्हा जोर लावून आत दाबायला लागला. मी त्याचा हात धरला, नाहीतर पत्नीच्या टेबलावर काचांचा सडा पडला असता.

"आणि ही क्लिप?"

त्याने ती बोटांत फिरवली. "पिशवी बंद करायला असेल."

मला हसू आलं, पण ते मी दाबलं. "तुझी बहीण इथे यायच्या आधी काय करायची?"

त्याने गार झालेला चहा बाजूला सरकवला. बहीण पुण्यात औषधांच्या कंपनीत क्वालिटीच्या प्रयोगशाळेत होती, हे मला ठाऊक होतं. लग्नानंतर डिपेंडंट म्हणून आली, खूप खटपट करून आता बाडहूव्हडॉर्पच्या एका गोदामाच्या कार्यालयात काम करत होती. दिवाळीच्या फराळाला तिने स्वतःच मला सांगितलं होतं.

"काका, हे इथेच थांबवा," तो शेवटी म्हणाला. "रविवारी मी जातोच आहे. विषय संपेल."

त्या दिवसातलं त्याचं पहिलं खरं वाक्य हे होतं. मी थांबवलं नाही. त्याने माझ्यासमोरच बहिणीला फोन लावला आणि ती कामावरून निघून बस पकडून आली.

ती खुर्चीवर बसली तीही एका बाजूला झुकून. पाठीचं ऑपरेशन होऊन बरेच महिने झाले होते आणि ती बरी झाली असं सगळे धरून चालले होते, मीसुद्धा. मी काही विचारायच्या आत तिने पाइपमध्ये नळाचं पाणी घेतलं, सांध्याला पाण्याचं एक बोट लावलं, नळी हलकेच फिरवत आत बसवली, क्लिप चढवली आणि वर यंत्र जोडलं. पूर्ण वेळ ती माझ्याकडे बघत होती, हातांकडे नाही.

"हाउसआर्ट्सने दिलंय, काका. इथल्या फॅमिली डॉक्टरने. बाकीच्या गोळ्या घेतल्या की मला ऑफिसमध्ये झोप यायची. हा गांजा औषध म्हणून फार्मसीतून मिळतो, माझ्या नावाने. त्यांनी यंत्राने घ्यायला सांगितलं. पण नुसती वाफ ओढली की खोकला येतो, आणि खोकला आला की कमरेतून पायापर्यंत चमक जाते. म्हणून पाण्यातून घेते. कुंड्यांना पाणी घालायला जाते म्हणून सांगायचं आणि शेडमध्ये बसायचं."

"नवऱ्याला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? गणपतीत तो स्टेजवर बोलला होता, आपल्या घरांत हे शिरू द्यायचं नाही. सासूबाईंचा रोज व्हिडिओ कॉल असतो. आणि परमिट. घरात असं काही सापडलं तर परमिट जातं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"ग्रुपवर आलं होतं."

मी लेकीला फोन लावला. ती इथल्या एका कंपनीच्या एचआरमध्ये आहे, परदेशी माणसांची कागदपत्रंच बघते. ती म्हणाली, "बाबा, डॉक्टरने दिलेलं औषध आहे ते. परमिटचा काय संबंध? मला विचारायचं ना आधी." आपल्या लोकांची ही एक खास खोड आहे. पनीर कुठल्या दुकानात स्वस्त, इथपासून मुलाची शाळा कोणती, इथपर्यंत सगळं ग्रुपवर विचारतील. ग्रुपवर आलं तेच कायदा. ज्याचं ते कामच आहे त्याला मात्र विचारणार नाहीत, कारण विचारलं तर नजरेत येऊ, ही भीती. नवरा परमिटसाठी घाबरत होता आणि बायकोही त्याच परमिटसाठी. एकाच छताखाली दोघं एकाच गोष्टीला भीत होते आणि एकमेकांशी त्यावर चकार शब्द बोलले नव्हते.

"तुझ्या भावाने जेवताना 'माझं आहे' म्हटलं, तेव्हा तू काय बोललीस?" मी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "मी त्याला पोळी वाढली."

भाऊ खिडकीबाहेर बघत होता. मला त्या मुलीचा राग आला, आणि कीवही आली. नोकरीत दोन्ही एकदम येऊ द्यायचे नसतात. पण आता मी नोकरीत नव्हतो.

मी तिला म्हणालो, "नवऱ्याला मी काही सांगणार नाही. तू सांगशील. हवं तर इथे बसून सांग, मी बाहेर फिरायला जातो."

शनिवारी ते दोघं आले. मी फिरायला गेलो नाही, कारण तिनेच थांबा म्हटलं. तिने सगळं सांगितलं, मधे न थांबता. गृहस्थ यंत्राकडे बघत होता. त्याचा पहिला प्रश्न परमिटचा होता. मी लेकीचं उत्तर सांगितलं.

"मला का नाही सांगितलंस?" तो म्हणाला.

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

काय केलं असतं ते त्याने मेहुण्याच्या बाबतीत आठवडाभर करून दाखवलं होतं. माणूस वाईट नव्हता. उठला, पिशवी स्वतः उचलली आणि म्हणाला, "घरी चल. हे शेडमध्ये नको, तिथे गारठा असतो. तुझी पाठ अजून धरेल." बायको तिथे पहिल्यांदा रडली. त्याच संध्याकाळी त्याने मेहुण्याची माफी मागितली. नुसती मागितली नाही, त्याच्या खोलीत जाऊन बसून मागितली, असं नंतर कळलं.

माझ्या दृष्टीने प्रकरण मिटलं. संशयित निर्दोष, तक्रारदाराचं समाधान, गुन्हा घडलाच नाही. नोकरीत असतो तर तसा अहवाल लिहून पुढच्या कामाला लागलो असतो.

पण रविवारी मेहुणा गेला. सांगितलेल्या दिवशीच, पाठीवर सॅक आणि हातात एक बॅग घेऊन. गृहस्थ स्टेशनच्या बसपर्यंत त्याच्यामागे चालत गेला, राहा म्हणून विनवत. तो म्हणाला, "जिजू, खरंच राग नाही. मित्राकडे मास्ट्रिख्टला जागा आहे." रागावलेला नव्हताच तो, मी त्याचा चेहरा पाहिला आहे. नंतर त्याला तिकडेच नोकरी लागली, पत्ताही मिळाला. त्याचं नुकसान झालं नाही.

या देशात येईपर्यंत मला निर्दोष सुटलेली माणसं कधी पुन्हा भेटली नव्हती. कागदावर सही झाली की ती आपल्या वाटेने आणि आम्ही आमच्या. ती ज्या घरात परत गेली तिथे त्यांच्याशी पुढे काय झालं, हे विचारणं आमच्या कामात बसत नव्हतं. इथे मी एका गल्लीच्या अंतरावर राहतो, म्हणून मला ते दिसलं. तपास खरं काय ते शोधून काढतो. घरातल्या एकाने आपल्याबद्दल काय मानलं होतं आणि दुसऱ्याने गप्प बसून ते मानू दिलं होतं, हे तपासाने पुसलं जात नाही.

ती बाई सकाळी कालव्याच्या कडेने चालायला येते, पाठीसाठी डॉक्टरने सांगितलंय म्हणून. कधी कधी आम्ही सोबत चालतो. मागे एकदा मी भावाची चौकशी केली.

"रोज फोन करतो, काका," ती म्हणाली. "माझ्या पाठीचं विचारतो, माझ्या नवऱ्याशी पण हसून बोलतो. मी म्हटलं की घरी ये जेवायला, की म्हणतो, ताई, या शनिवारी जरा काम आहे."